रक्ताची शुद्धता नको, रक्ताची तपासणी हवी

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आमच्या जळकोट भागात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असतो, 'नात्यातलं स्थळ आहे का?' मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, काही घरांत तर सख्ख्या मामाशीच भाचीचं लग्न. मुलगी डोळ्यांसमोर राहते, देण्याघेण्याची कटकट नाही, ही कारणं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अशाच घरात जन्मतः ऐकू न येणारं मूल आलं की 'करणी', 'मागच्या जन्मीचं पाप' आणि शेवटी सुनेचा 'पायगुण', हेही ऐकलं.

विज्ञान काय सांगतं? अनेक आनुवंशिक आजारांत आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं, तरच मूल आजारी पडतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. मामे-आते भावंडांत सरासरी १/८ जनुकं समान असतात, मामा-भाचीत १/४. म्हणून एकच दोष दोघांत सापडण्याची शक्यता वाढते. मग अशा आजारात एकटी सून दोषी कशी?

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवून दिलं, की जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेलं संशोधन आलं. दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत, मोजक्या पूर्वजांपासून वाढून आपसातच लग्नं केल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली. 'शुद्ध रक्त' म्हणून मिरवलं, ते असं आहे!

पण मित्रहो, जातिअंताचा पाया जनुकशास्त्र नाही, समता आहे. आंतरजातीय जोडप्यातही दोघे वाहक निघू शकतात. विदर्भात सिकलसेल आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, कुणबी-तेली समाजातही आहे. मलेरियापासून वाचवणारं म्हणून ते जनुक टिकलं. तो कुणाचा कलंक नव्हे.

म्हणून आमचं म्हणणं दोनच गोष्टींचं. नात्यातली लग्नं थांबवा. आणि लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांचीही सिकलसेल-थॅलेसेमियाची रक्ततपासणी करा. त्या एका तपासणीत सगळे आजार कळत नाहीत, हेही सांगा. मात्र अहवाल हातात घेऊन फक्त मुलीला नाकारलं, तर ती नवी अस्पृश्यताच ठरेल. एकच जण वाहक असेल तर मुलाला तो आजार होत नाही, हे विहाराविहारात समजावलं पाहिजे.

पत्रिका तर आपण १९५६ सालीच सोडली. आता तिच्या जागी रक्ताचा अहवाल येऊ द्या.

जय भीम!