"मग बसवतं कोण?"

मागच्या वर्षी वस्तीतल्या एका मावशींसोबत कॅन्सरच्या दवाखान्यात गेले होते. केशरी रेशनकार्ड होतं. तरी आरोग्यमित्र म्हणाला, "हे इंजेक्शन पॅकेजमध्ये बसत नाही." मावशींनी मला विचारलं, "मग बसवतं कोण?"

प्रश्न नेमका होता. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या फलकावर 5 लाखांचा आकडा दिसतो, पण उपचार मिळतो पॅकेजच्या यादीप्रमाणे. औषध परवडतं का, हे पाहायला केंद्राची मूल्यमापन यंत्रणाही आहे. औषधामुळे मिळणाऱ्या निरोगी वर्षाचा खर्च ती दरडोई जीडीपीशी ताडते. पैसा मर्यादित आहे, हिशोब हवाच. पण किंमत ठरवते कंपनी आणि नकार मिळतो रुग्णाला, हा कुठला न्याय?

2012 मध्ये पेटंट कार्यालयाने सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,880 रुपयांवर आला. म्हणजे किंमत निसर्गाने दिलेली नसते. जातही नव्हती, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. माणसाने ठरवलेलं माणूस बदलू शकतो.

मित्रांनो, आपण मोर्चात दवाखाना मागतो. आता औषधांची यादी मागू, आणि ती ठरवणाऱ्या समितीत मावशींसाठी खुर्चीही.

जय भीम!