बसच्या खिडकीतून तुर्कस्तान

परदेश प्रवास म्हटला की टूर कंपनीचे पॅकेज आणि लाखोंचा खर्च डोळ्यांसमोर येतो. शिक्षकाच्या पगारात ते बसत नाही, म्हणून अनेक कुटुंबे विचारच सोडून देतात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे दोघे पती-पत्नी आणि नववीतली मुलगी, तुर्कस्तानला गेलो. विमानाचे तिकीट सोडले तर बाकीचा खर्च आटोक्यात राहिला तो बसमुळे. इस्तंबूल, बुर्सा, कोन्या हा सारा प्रवास आम्ही बसनेच केला.

तिथे बसस्थानकाला ‘ओतोगार’ म्हणतात. आपल्या एसटीसारखे एकच महामंडळ नाही. खासगी कंपन्यांच्या तिकीट खिडक्या ओळीने असतात. पहिल्याच खिडकीवर पैसे देऊ नयेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. तिकिटासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा. ओतोगार बहुधा शहराबाहेर असते, पण अनेक कंपन्या तिथून शहरात मोफत छोटी गाडी सोडतात. ‘सेर्विस आहे का?’ एवढे विचारले की टॅक्सीचे पैसे वाचतात. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात असू द्यावीत. रात्रीची बस पकडली तर एका रात्रीचे हॉटेलही वाचते. भगिनींसाठी दिलाशाची गोष्ट म्हणजे अनोळखी पुरुषाच्या शेजारची जागा बाईला सहसा देत नाहीत.

बसमधल्या मदतनिसाला ‘मुआविन’ म्हणतात. उर्दूतही मुआविन म्हणजे मदत करणाराच! तो चहा, पाणी, केक देत फिरतो. आम्ही उर्दू शिकवणारी माणसे, त्यामुळे रस्ताभर शब्द गोळा करण्याचा छंदच लागला. दुकान, मैदान, हफ्ता, हवा, दुनिया थोड्याफार फरकाने तेच. आपला मराठी साबण तिथे ‘साबून’. पण एका शब्दाने आम्हाला थांबवले. आपण प्रवाशाला मुसाफिर म्हणतो. तुर्की भाषेत ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा. जो सफर करतो तो पाहुणाच, असे ती भाषा मानते.

बुर्सा ही उस्मानी सुलतानांची जुनी राजधानी. तिथली वीस घुमटांची उलू जामी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. वजूचे कारंजे मशिदीच्या आतच आहे आणि भिंतींवर माणसाच्या उंचीची अक्षरे लिहिलेली आहेत. पुढे मुरादिये येथे सुलतान दुसरा मुराद याच्या कबरीच्या परिसरात जुने कबरीचे दगड पाहत होतो. एक स्थानिक तरुण शेजारी उभा होता. आमच्या मुलीने एका दगडावरची पहिली ओळ बोट ठेवून वाचली: ‘हुवल बाकी’. तो चकित झाला. ती त्याच्याच शहराची लिपी होती, पण १९२८ साली तुर्कस्तानने लॅटिन लिपी स्वीकारली आणि पणजोबांचे दगड पणतूला मुके झाले.

आमची मुलगी मराठी माध्यमात शिकते. कुरआन पढते, पण उर्दू पुस्तक समोर ठेवले की जांभई देते. त्या दुपारी ती एकामागून एक दगड वाचत राहिली. आम्ही वर्षानुवर्षे सांगून जे झाले नव्हते ते त्या दगडांनी केले.

बुर्साहून कोन्या सात-आठ तासांचा रस्ता. वाटेतल्या मोठ्या थांब्यांवर जेवणाबरोबर नमाजची खोलीही असते, त्यामुळे कसर नमाज वेळेवर अदा झाली. कोन्यात मौलाना रूमी यांचा मजार आहे. त्यांचे निधन १२७३ साली झाले. आता तिथे संग्रहालय आहे, तरी माणसे हात उचलून दुआ मागताना दिसतात.

ज्यांच्या मनात सफर आहे त्यांनी पैसे साठेपर्यंत जरूर थांबावे, पण मुले घरट्यातून उडून जाईपर्यंत थांबू नये. आणि निघण्याआधी त्यांना आपली लिपी शिकवून ठेवावी. तिला ना तिकीट लागते, ना व्हिसा.