‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

कमिटमेंट मोजायची प्रश्नावली मराठीत आणायला बसले आणि नावालाच ठेच लागली. ‘बांधिलकी’ म्हटलं की व्याख्यानमाला आठवते, ‘निष्ठा’ म्हटलं की पक्ष. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी जोडपी सरळ ‘कमिटमेंट’ म्हणतात. तेच ठेवलं.

मूळ प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरिल रसबुल्ट आणि सहकाऱ्यांची, 1998 सालची. प्रत्येक विधानाला 0 ते 8 गुण. माणूस नात्यात का टिकतो, याची रसबुल्टबाईंनी तीन कारणं धरली: नात्यातलं समाधान, बाहेर बरा पर्याय नसणं, आणि आजवर ओतलेला वेळ, पैसा, मुलंबाळं. 2003 मध्ये 52 अभ्यास एकत्र करून पाहिले, तर कमिटमेंटमधल्या फरकांपैकी सुमारे दोन तृतीयांश या तिन्हींतूनच उलगडत होते. आमच्या शास्त्रात एवढं हाती लागणं म्हणजे दिवाळीच.

पण मोठा आकडा दिसला की पेढे वाटू नयेत. 1995 मध्ये रसबुल्ट आणि मार्ट्झ यांनी मारहाणीमुळे आश्रयगृहात आलेल्या 100 स्त्रियांचा अभ्यास केला. जिच्या हाती पैशाचा दुसरा आधार नव्हता, जिने संसारात जास्त घातलं होतं, तिची कमिटमेंट जास्त, आणि ती परतण्याची शक्यताही जास्त. अडकणं आणि हवं असणं, दोन्ही त्याच आकड्यात बसतात.

म्हणून मला दुसरी एक युक्ती आवडायची. अॅग्न्यू आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्येच लोकांना आपल्या नात्याविषयी मनात येईल ते लिहायला लावलं आणि त्यातली अनेकवचनी सर्वनामं मोजली. कमिटमेंट जास्त, तर ‘वुई’ जास्त. इंग्रजीत हे सोपं आहे, तिथे ‘वुई’ एकच. आपल्याकडे ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं. माझ्यासमोर भांडतानाही नवरा बायकोला म्हणतो, “आपण ठरवलं होतं ना?” आणि माझ्याकडे वळला की तेच ‘आम्ही’ होतं. सर्वनाम प्रेमाने बदललं की नुसत्या मान वळवण्याने?

तरी करून पाहिलं. एक बाई आपल्या नात्याविषयी पानभर लिहून आल्या (तपशील बदललेत). आम्ही गणपतीला गावी जातो, आम्ही यंदा फ्लॅट घेतला. मी खुशीत खुणा करत गेले; अकरा ‘आम्ही’ निघाले. मग सहज विचारलं, यात कोण कोण? सासूबाई, दीर, जाऊ, पुतण्या. नवरा त्या गर्दीत होताच, शिवाय ‘हे’ म्हणून वेगळाही येत होता. माझी मोजणी सगळ्या घराची झाली होती.

लाल पेन त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, फक्त दोघंच असाल तिथे रेघ मारा.

पहिली रेघ दवाखान्यातल्या रात्रीवर पडली. दुसरी, फ्लॅटचे कागद वाचत बसलेल्या एका संध्याकाळवर. तिसऱ्याशी पेन थांबलं.

“इथे दोघंच होतो, पण भांडत होतो. चालेल?”

चालेल, म्हटलं.