काळ्याची पहिली खेळी

बुद्धिबळात पांढरी मोहरी आधी चालतात. हा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यातला अन्याय चटकन जाणवत नाही. काळी मोहरी घेऊन बसणाऱ्याची पहिली खेळीही उत्तरच असते. प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो. त्या प्रश्नांची सर्वमान्य उत्तरे अभ्यासकांनी इतकी घोटून ठेवली आहेत की पांढऱ्याकडून खेळणारा बरेचदा पहिल्या दहाबारा खेळ्या घरूनच घेऊन येतो. त्याची ही सगळी शिदोरी पहिल्याच खेळीत निरुपयोगी करून टाकावी, असा मोह काळ्याकडून खेळणाऱ्याला होणे स्वाभाविक आहे. मला तो झाला आणि पुष्कळ वर्षे पुरला.

या मोहाला एक थोर आधार होता. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा या गावी युरोपीय सांघिक अजिंक्यपद स्पर्धेत इंग्लंडचा टोनी माइल्स तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव्ह याच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. कार्पोव्हने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. माइल्सने उत्तरादाखल वजिराच्या बाजूच्या हत्तीसमोरचे प्यादे एक घर सरकवले. कार्पोव्हने वजिरासमोरचे प्यादेही दोन घरे पुढे आणून पटाचा मध्य व्यापला. माइल्सने त्याच बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे ढकलले. नवशिक्याने असे केले तर शिकवणारा कपाळाला हात लावील. माइल्स तो डाव ४६ खेळ्यांत जिंकला.

महाविद्यालयात शिकत असताना हा डाव माझ्या वाचनात आला आणि हत्तीसमोरचे ते प्यादे मी जणू स्वतःच्या नावावर करून घेतले. पुढे प्राध्यापकांच्या स्पर्धांतही तेच. समोरचा आधी पटाकडे पाही, मग माझ्याकडे. ‘मॅडम, चुकून हात लागला का?’ असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलेही होते. या उद्धटपणाला शिक्षा केलीच पाहिजे, अशा आवेशाने ते प्यादी पुढे रेटत गेले आणि मागे उघडा पडलेला राजा सांभाळता सांभाळता हरले. माझे बहुतेक विजय असे दुसऱ्याच्या संतापाने मिळवून दिलेले होते. अर्थात, तेव्हा मी त्यांना माझे कौशल्य समजत असे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीशी माझा डाव पडला. मी माझे प्यादे सरकवले. तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. तीन-चार मिनिटे ती पटाकडे पाहत राहिली. मग तिने मध्य व्यापला, घोडे बाहेर काढले, उंट बाहेर काढले, किल्लेकोट केला. एकही खेळी चमकदार नव्हती. दहाव्या खेळीच्या सुमारास माझ्या ध्यानात आले की आपल्याला जे सांगायचे होते ते पहिल्याच खेळीत सांगून संपले आहे. मी हरले. मोहरी डब्यात भरताना तिने विचारले, “मॅडम, त्या प्याद्यानंतर तुमचा बेत काय असतो?” विचारण्यात खोच नव्हती, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. मला उत्तर देता आले नाही. समोरच्याने दचकावे, एवढाच माझा बेत होता.

हा प्रश्न पटाशी थांबला असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण मी साहित्य शिकवते. वर्षाच्या पहिल्या तासाला एका सर्वमान्य कादंबरीला ‘अवास्तव कौतुक झालेली’ ठरवायचे आणि वर्गातली कुजबुज ऐकायची, ही माझी जुनी खेळी. विद्यार्थी जागे होतात, असे मी तिचे समर्थन करीत असे. त्या रात्री मी हिशेब केला, तेव्हा कळले की ती कादंबरी शेवटची वाचून मला पंधरा वर्षे झाली होती. एखाद्या विद्यार्थ्याने शांतपणे ‘मग पुढे?’ असे विचारले असते, तर माझ्याजवळ अकरावी खेळी नव्हती.

स्काराचा डाव पुन्हा मांडून पाहिला. दोन खेळ्या मला पाठ होत्या, उरलेल्या ४४ मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. माइल्सने सरकवलेल्या प्याद्यांमागे उंटासाठी जागा केली, लांब कर्णावरून मध्यावर नजर ठेवली आणि उंटासमोरच्या प्याद्याने त्या मध्याला बाजूने धडक दिली. आरंभ विक्षिप्त, पुढचे सारे काटेकोर. उलट, १९९५ साली न्यू यॉर्कमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात चौदाव्या डावात आनंदने कास्पारोव्हविरुद्ध अनपेक्षितपणे स्कँडिनेव्हियन बचाव निवडला, त्यातून चांगली स्थितीही मिळवली आणि तरी तो डाव गमावला. आश्चर्य आपल्याला पटाच्या मध्यापर्यंत पोहोचवते. तिथून चालायचे स्वतःच्या पायांनी.

इथे मला आजोबा आठवतात. ते देशी पद्धतीने खेळत : प्यादे एका वेळी एकच घर चाले, किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता येई. १८५५ साली कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रनविरुद्ध ज्या खेळ्यांनी डाव सुरू केला, त्या पुढे १९२२ पासून ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावाने प्रतिष्ठित झाल्या. देशी खेळात मुरलेल्या मोहेशचंद्रांना त्यात कुणाला दचकवायचे असेल असे वाटत नाही. आजोबाही हत्तीसमोरचे प्यादे सुरुवातीलाच एक घर सरकवीत. लहानपणी मी ‘का?’ म्हणून विचारले, तर म्हणाले, “शेजारच्या घरात कुणी उतरू नये म्हणून.”

माझीच खेळी, पण त्यांच्याजवळ तिचे उत्तर होते.

ती कादंबरी मी या सुट्टीत पुन्हा वाचली. माझे मत फारसे बदललेले नाही. मात्र आता ते पहिल्या तासाला सांगायची घाई वाटत नाही. त्या विद्यार्थिनीशी अधूनमधून डाव होतो. काळी मोहरी आली की मी अजूनही तेच प्यादे सरकवते. फक्त त्यानंतर तिच्या चेहऱ्याकडे पाहत नाही.