नोझल कुरकुरलं पाहिजे

रोवणी परवा आटोपली. या वर्षी उशीर झाला. तो कशानं झाला हे लिहायला बसलो, तर फिरून फिरून बाबाचंच लिहिणं होऊन राहिलं. म्हटलं, होऊ द्या.

बाबा जानेवारीत गेले. पेजवरच्या जुन्या लोकांना माहीत आहे, आमच्या बाजूच्या चार गावांत कोणाचं डिझेल इंजिन बंद पडलं की बाबाला बोलावणं यायचं. शाळा चौथीपर्यंत. लहानपणी सालेकसा-दरेकसाच्या चढावर वाफेच्या इंजिनाच्या गाड्या जायच्या, तेव्हा गुरं चारता चारता आवाजावरून सांगायचे की मालगाडी भरली आहे का खाली आहे. तिथूनच कान तयार झाला असावा. इंजिनापाशी गेल्यावर आधी पान्याला हात लावत नसत. "मशीन बोलते गा, आयकाले पायजे," म्हणायचे, आणि विडी पेटवून बसायचे. ज्याचं काम अडलेलं असे तो माणूस तोवर अर्धा वेडा व्हायचा.

मनगटावर एचएमटीची चावीची घडी होती, तीसुद्धा दोनदा खोलून पुन्हा बसवलेली. एचएमटी धान आपण सगळेच लावतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ साली बांधीतल्या तीन वेगळ्या लोंब्या बाजूला काढल्या, त्यातून ते उभं झालं, आणि नाव पडलं त्या घडीचं. बाबाला त्या माणसाचं फार होतं. "लोंबी सारेच पायतात, त्याले दिसली," असं म्हणायचे.

आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी, रोवणीतच, बोडीवर इंजिन लावलं होतं. बाबाचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. नोझलच्या पाईपचा नट कसताना हातून सुटला आणि चिखलात गेला. अर्धा दिवस आम्ही चिखल चाळला. बारा बाया बांधीत बसून होत्या, रोजी चालू. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता बस करा ना जी बाबा. विकून टाकू हे भंगार." ते काही बोलले नाही. हात धुतले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर इंजिनाला हात लावला नाही. मी पण माफी मागितली नाही. बापाची माफी कशी मागतात ते आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

इंजिन विकणं तेवढं राहून गेलं. कोठ्यात पडून होतं. मोटर होती, त्यामुळे गरज पडली नाही.

यंदा जुलैत पाण्यानं दडी मारली आणि त्यातच डीपी जळाली. पऱ्हे २९ दिवसांचे झाले होते. २१ ते २५ दिवसांत रोवले तर फुटवे धरतात, पुढं जेवढा उशीर तेवढे फुटवे कमी, हे तुम्हाला सांगायला नको. बांधीला भेगा पडायला लागल्या. इंजिन काढलं, बैलबंडीवर टाकून बोडीवर नेलं. डिझेल भरलं आणि हँडल मारत बसलो. तासभर. घामानं शर्ट पिळून निघाला, इंजिन साधं ठसकलं नाही.

मुलगी नववीत आहे. शिदोरी घेऊन आली होती. जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, थांबा ना जी. कुर्र वाजतच नाही."

मला कळलं नाही. तिनं पाना मागितला. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला. डिझेलमधून बुडबुडे येत होते, ते बंद होईपर्यंत थांबली. मग पंपावरचा. मग नोझलच्या पाईपचा नट, तोच नट, खाली फडकं अंथरून. मला म्हणाली, आता खिट्टी उचलून हळूच फिरवा. फिरवलं. नोझलमधून बारीक आवाज आला, कुर्र, कुर्र. लाईनीत हवा असली की तो येत नाही. "आता मारा. अंगठा बोटाईच्या बाजूनं ठेवा, आबाजी म्हणत, उलटा झटका आला तं अंगठा जाते."

हँडल वेगात आल्यावर तिनं खिट्टी पाडली. दुसऱ्या फेरीला धरलं.

पाणी मात्र ओढेना. फुटबॉल गळत होता. शेणाचा काला करून सेक्शनमध्ये ओतला, तो मला येत होता. एवढं तरी माझं.

रात्री विचारलं, हे कधी शिकवलं आबाजीनं? म्हणाली, तुम्ही बाजाराला गेले की आम्ही कोठ्यात बसत होतो. हात कापत म्हणून ते सांगत आणि मी करत होती. तुम्हाला सांगू नको म्हणे, अभ्यास सोडून बसते म्हणून रागवाल. खरंच रागावलो असतो.

तीन रात्री इंजिन चाललं, दोन एकर ओलं झालं, मग पाणी आलं. तिसऱ्या रात्री त्यात ठक-ठक असा आवाज सुरू झाला आणि धूर काळा झाला. मुलगी खूप वेळ कान देऊन बसली. "हे नाही सांगितलं आबाजीनं," म्हणाली आणि रडायला लागली. जानेवारीत रडली नव्हती. मी इंजिन बंद केलं. पुढच्या आठवड्यात आमगावला मेकॅनिककडं नेऊ. ती सोबत येणार आहे, शाळा बुडली तरी.

बाबाची पेटी काल उघडली. पाने आकारानं लावलेले, पॅकिंगचे कागद कापून ठेवलेले. तळाशी तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून एक पितळेचा तुकडा आहे, हातानं कानसलेला, एका बाजूला आटे, मधून बारीक भोक. आमच्या इंजिनात कुठं बसत नाही. फोटो टाकतो आहे. बाबाकडून कधी काम करून घेतलेल्या कोणाला ओळखू आला तर सांगा, कशाचा आहे.