कर्सर कुठे अडतो

१. लेख लिहायच्या आमच्या एडिटरच्या चाचणीला बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते, "परीक्षा तुमची नाही, एडिटरची आहे." सगळे मान हलवतात. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "माझंच काहीतरी चुकतंय."

२. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० आवृत्तीबरोबर आला. नाव गुटेनबर्ग, छपाईवाल्या गुटेनबर्गवरून. छापखान्यातले खिळे सुटे, हे ब्लॉकही सुटे: परिच्छेद वेगळा, चित्र वेगळं, यादी वेगळी.

३. आमचा नवा एडिटरही ब्लॉकचाच. चाचणीला एक निवृत्त मुख्याध्यापक वहीत मजकूर लिहून आले होते. एंटर दाबत सहा परिच्छेद टंकले. सहा ब्लॉक झाले, त्यांना पत्ताही नाही. असंच हवं होतं.

४. मग दुसरा परिच्छेद वर न्यायचा होता. त्याचं बटण टूलबारवर. टंकताना टूलबार लपतो, माऊस हलला की परत येतो. मुख्याध्यापकांनी माऊसला हातच लावला नव्हता. "आत्ता इथे होतं ना ते?"

५. 'प्रकाशित करा' दाबलं की बाजूला पट्टी उघडते. तिच्यात पुन्हा 'प्रकाशित करा'. पहिल्या बटणानंतर चाचणीला आलेल्या एका आजींनी हात मांडीवर ठेवले. त्यांच्या लेखी लेख छापून झाला होता.

६. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं की अशा चाचणीला पाच माणसं पुरतात. एकाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात, पाच जणांकडून सुमारे ८५.

७. आमचे पाचही डोळस होते.

८. ऑक्टोबर २०१८. गुटेनबर्ग यायला दोन महिने असताना वर्डप्रेस दृष्टिहीनांनाही वापरता यावं हे पाहणाऱ्या सुलभता गटाच्या प्रमुख रियान रीटफेल्ड यांनी पद सोडलं.

९. पुढच्या फेरीत स्क्रीन रीडर वापरणारे दोघं हवेत. हे आधीच सुचायला हवं होतं.

१०. संगणकाच्या लेखी 'क्षि' म्हणजे चार खुणा: क, हलन्त, ष, वेलांटी. बॅकस्पेस एकदा दाबला, फक्त वेलांटी गेली. चाचणीला बसलेल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "अर्धंच का पुसतंय?" दोष कीबोर्डचा की एडिटरचा, त्यांना काय त्याचं!

११. सगळ्यांत अवघड काम गप्प बसणं. बटण समोर असतं, माणूस भलतीकडे शोधत असतो. पेन दोन्ही हातांनी धरून ठेवते.

१२. मुख्याध्यापकांनी निघताना विचारलं, "किती गुण मिळाले?" माझी नोंदवही त्यांच्यापुढे केली. लाल खुणा सगळ्या टूलबारपुढे.