अर्हतेचा रकाना

माझे वेतन आमच्या कारखान्यातील बहुतेक पदवीधर अधिकाऱ्यांच्या वेतनाहून अधिक होते, आणि तरीही ज्या टूलरूमचा कारभार मी प्रत्यक्ष चालवीत होतो तिच्या प्रमुखाचे पद मला केवळ पदवी नसल्याच्या सबबीवर नाकारण्यात आले, ही गोष्ट निवृत्तीनंतर इतका काळ लोटूनही माझ्या मनातून गेलेली नाही.

पूर्ववृत्तात विशेष असे काही नाही. शालान्त परीक्षेनंतर महाविद्यालयाचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. म्हणून औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे शिक्षण घेतले, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये भोसरीच्या एका कारखान्यात उमेदवारी केली आणि तेथेच कायम झालो.

प्रेसखाली पत्र्याचा जो सुटा भाग क्षणार्धात कापला जातो, त्याचे पंच आणि डाय टूलरूममध्ये घडतात. दोन मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा कापावयाचा असेल तर पंच आणि डाय यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस सुमारे एक दशांश मिलिमीटर फट ठेवावी लागते. ती वाढली की कापलेल्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते, आणि फारच कमी झाली की धारा अकाली झिजतात. पंच त्याच्या प्लेटमध्ये बसविताना त्याला निळा रंग लावून तो हलकेच आत उतरवावा, बाहेर काढून भोकाच्या भिंतीवर रंग कोठे उमटला आहे ते दिव्याशी धरून पाहावे, तेवढाच उंचवटा कानशीने उतरवावा आणि पुन्हा रंग लावावा, असे माझ्या उस्तादांनी मला शिकविले. ते स्वतः फार शिकलेले नव्हते, परंतु कानशीच्या नुसत्या आवाजावरून कामगाराचा हात कोठे चुकतो आहे हे पाठमोरे उभे राहून सांगत.

माझ्या प्राप्तीचे मूळ या विद्येत होते. एका पट्टीवर टप्प्याटप्प्याने भोके पाडून, वाकवून, शेवटी तयार भाग तोडून देणाऱ्या प्रोग्रेसिव्ह डाय आमच्याकडे बाहेरून येत. त्या आम्ही आतच करू लागलो, तसे माझे वेतन वाढत गेले. घर झाले, धाकट्या बहिणीचे लग्न झाले, कर्ज कोणाचे राहिले नाही.

पुढे आमचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांचा कार्यभार ‘तात्पुरता’ म्हणून माझ्याकडे आला. तो तात्पुरता कार्यभार इतका लांबला की नव्या मुलांना मीच प्रमुख वाटू लागलो. शेवटी मी रीतसर अर्ज केला. उत्तरादाखल जे पत्र आले, त्यात माझ्या कार्यक्षमतेविषयी पूर्ण समाधान व्यक्त करून, माझी शैक्षणिक अर्हता सदर पदाच्या निकषांस पुरी पडत नाही, सबब अर्ज मान्य करता येत नाही, असे नमूद केले होते. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात, खास बाब म्हणून, मला घसघशीत विशेष भत्ता मंजूर केला होता. हा दुसरा परिच्छेद मला पहिल्याहून अधिक झोंबला. मी नालायक असतो तर भत्ता कशासाठी, आणि लायक होतो तर पद का नाही, हा प्रश्न मी आस्थापना विभागाच्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहून विचारला. “पैशाचे आम्हाला बघता येते, हुद्द्याचे येत नाही,” असे म्हणून त्यांनी फाईल मिटली.

त्या जागी एक तरुण अभियंता नेमण्यात आला. मुलगा सालस होता; त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. नकाशा काढून झाला की तो माझ्या टेबलाशी येई आणि म्हणे, “दादा, तुम्ही एकदा नजरेखालून घाला, मग मी सही करतो.” मी मापे तपासी, फट बदलण्यास सांगे, आणि खालच्या कोपऱ्यात ‘मंजूर’ या शब्दापुढे त्याची सही होई. ग्राहकाकडील तपासनीस आले की विचारणा त्या सहीच्या धन्याकडे होई. माझ्या हाताखाली घडलेल्या कित्येक डायच्या कागदपत्रांत आजही माझे नाव सापडणार नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्यापाशीही अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तो बाणा मला दाखविता आला नाही. संसार मागे होता आणि भत्ता खरोखरच मोठा होता.

मात्र तो नियम निव्वळ दुष्टपणाने केलेला होता, असेही मला म्हणवत नाही. पदवीची अट नसती तर त्या खुर्चीवर कोणाचा तरी मेहुणा येऊन बसला असता, इतका वशिल्याचा अनुभव मी घेतला आहे. शिवाय पदवीधराजवळ जे असते ते माझ्याजवळ नव्हते, हेही खरेच. पाणी देताना डायच्या आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून तडा का जातो, पाणी दिल्यावर लागलीच पुन्हा तापवून पोलादाचा ठिसूळपणा का कमी करावा लागतो, हे मी तडकलेल्या तुकड्यांवरून शिकलो. धातुशास्त्राच्या वर्गात ते कितीतरी आधी आणि स्वस्तात समजले असते. म्हणून या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे की नुसत्या हातावर विसंबू नका. नकाशा वाचण्यापुरतेच नव्हे तर काढण्याइतके रेखाटन शिका, त्रिकोणमिती पक्की करा, आणि तात्पुरता कार्यभार स्वीकारताना त्याची मुदत लेखी मागून घ्या.

कारखानदारांकडे मात्र माझी एक मागणी आहे. वशिला रोखण्यासाठी अट हवी असेल तर ती जरूर घाला. परंतु पदवीच्या जोडीने हातच्या कामाची परीक्षाही त्या अटीत मान्य करा, आणि जो नकाशा तपासतो त्याला त्या नकाशावर सही करण्याचा अधिकार द्या.